नाताळची भयकथा: भूत शेवटी, आधी पानं मांडा

डिसेंबर जवळ आला की नवे लिहिणारे मला आपापल्या नाताळच्या भयकथा वाचायला देतात. बहुतेकांत तेच निघतं: सांताच्या पोतडीत कुऱ्हाड, भेटीच्या खोक्यात डोळे उघडणारी बाहुली, बर्फात अडकलेली गाडी आणि दूरवर एकच दिवा. वाक्यं वाईट नसतात. चुकतो तो क्रम. आधी भूत ठरतं, मग त्याला लाल टोपी घातली जाते, आणि उरलेल्या जागेत घंटा, मेणबत्त्या नि बर्फ भुरभुरवला जातो. अशा कथेतला नाताळ काढून तिथे कुणाचा वाढदिवस ठेवला तरी कथेचं काहीच बिघडत नाही. बिघडायला हवं.

म्हणून खाली उलटा क्रम दिला आहे. आधी प्रथा, मग नियम, मग माणसं, मग घर आणि घड्याळ. भूत सगळ्यांत शेवटी. अडीच हजार शब्दांची, एका रात्रीत संपणारी कथा गृहीत धरली आहे, आणि पद्धत दाखवायला एकच कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधत नेली आहे.

तयारी: कागद, नकाशा, पंचांग

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी नक्की करा: देश, तारीख, आणि त्या दिवशी तिथे सूर्य कधी मावळतो.

नाताळ सगळीकडे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने होत नाही. पोलंड, जर्मनी आणि उत्तर युरोपच्या बऱ्याच भागात मुख्य जेवण आणि भेटवस्तू २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. ब्रिटनमध्ये भेटी २५ च्या सकाळी उघडतात. रशियात आणि सर्बियात ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला येतो. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कॅथलिक घरात अगदी सहज येते, पण कथेतलं कुटुंब दुसऱ्या पंथाचं असेल तर आधी त्यांच्याकडे त्या रात्री काय होतं ते बघा.

उजेडाचंही तसंच. २४ डिसेंबरला लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, वॉर्सात साडेतीनच्या सुमारास. आइसलंडमधल्या रेक्याविकला दिवस जेमतेम चार तासांचा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आणि सिडनीत रात्री आठ वाजतासुद्धा उजेड असतो, कारण तिथे भर उन्हाळा. माझ्या पहिल्या नाताळकथेत मी मेलबर्नच्या एका घरात शेकोटी पेटवली होती आणि खिडकीच्या काचांवर दहिवर गोठवलं होतं. ज्यांना वाचायला दिली त्यांनी समासात फक्त एक सूर्य काढून दिला.

सावध: अमावस्या-पौर्णिमा मनाने टाकू नका. नाताळची तारीख चंद्रावर ठरत नाही, त्यामुळे त्या रात्री चंद्र कुठल्याही कलेत असू शकतो. २०१५ साली २५ डिसेंबरलाच पौर्णिमा होती. कथेला साल दिलं असेल तर त्या रात्रीचा चंद्र शोधून घ्या. साल नसेल तर आकाश ढगाळ करा आणि पुढे व्हा.

टप्पा १: एक प्रथा निवडा, आणि ती खरी माना

भूत शोधू नका. लोक त्या रात्री *काय करतात* ते शोधा. प्रथेत आधीपासूनच एक धाक असतो. आपण फक्त तो धाक खरा ठरवायचा.

वेल्समध्ये काठीवर घोड्याची कवटी बसवून, पांढरी चादर पांघरून एक टोळी दारोदार जाते. तिला मारी ल्वीड म्हणतात. दाराबाहेरचे आणि आतले यांच्यात पद्यांची जुगलबंदी होते, आणि आतले हरले की दार उघडावं लागतं. नियम तयारच आहे. ग्रीसमध्ये २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या बारा दिवसांत कालिकांझारी नावाचे खट्याळ जीव जमिनीखालून वर येतात; दाराबाहेर चाळण ठेवली की ते भोकं मोजत बसतात आणि पहाटेपर्यंत अडकतात. नॉर्वेत त्या रात्री घरातले झाडू लपवून ठेवायची जुनी रीत. स्वीडन-फिनलंडकडे पूर्वी घरचे लोक जमिनीवर गवत अंथरून झोपत, म्हणजे मेलेल्या नातलगांना अंथरुणं मोकळी राहावीत. आइसलंडमध्ये नाताळला नवा कपडा न मिळालेल्याला खाणारं मांजर. आणि युरोपात कितीतरी ठिकाणी असं मानतात की नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातली जनावरं बोलतात, पण ते बोलणं ऐकणाऱ्याचं भलं होत नाही.

ऑस्ट्रियातला क्राम्पुस, म्हणजे मुलांना धाक घालणारा शिंगवाला राक्षस, मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. त्याची रात्र ५ डिसेंबरची, नाताळची नव्हेच. शिवाय त्याचे मुखवटे इतके वापरून झालेत की तो दारात आला तर वाचक त्याला आत बसवून चहा देईल. रोज एक उघडायच्या चोवीस खिडक्यांच्या नाताळ-कॅलेंडरात पंचविसावी खिडकी सापडणं, हेही तसंच झिजलेलं.

आपल्या नमुन्यासाठी मी पोलंडची प्रथा घेतो. २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला तिथे विगीलिया म्हणतात. आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं. टेबलक्लॉथखाली थोडं गवत. पदार्थ बारा, मांस नाही. आधी सगळ्यांनी ओप्वातेक नावाची पातळ पापडी एकमेकांच्या हातातून मोडून घ्यायची आणि शुभेच्छा द्यायच्या. आणि एक पान जास्तीचं मांडायचं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. कुणी म्हणतात, घरातल्या गेलेल्या माणसासाठी.

तपासणी: निवडलेली प्रथा एका वाक्यात, क्रियापदासकट सांगता येते का? "एक पान जास्तीचं मांडतात", चालेल. "नाताळचं वातावरण गूढ असतं", चालणार नाही.

टप्पा २: दोन नियम एकमेकांवर आपटा

इथे घाई करू नका. कथा उभी राहते किंवा बसते ती याच टप्प्यावर.

एका नियमाची प्रथा होते, कथा होत नाही. जास्तीचं पान मांडलं, कुणी आलं, बसलं, आणि ते मेलेलं निघालं. हे वाचकाला दुसऱ्या परिच्छेदातच कळतं. दुसरा नियम हवा, तोही त्याच घरातला, आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येऊ नयेत असा.

विगीलियाला लागून दुसरी एक समजूत आहे: टेबलाशी बसणाऱ्यांची संख्या विषम नको, नाहीतर पुढच्या नाताळपर्यंत त्यांच्यातलं एक माणूस जातं. आता कागदावर आकडे मांडून बघा.

घरात पाच जण आहेत. विषम. सहावं पान पाहुण्याचं. पाहुणा आला तर सहा होतील, सम. सगळ्यांना हायसं वाटेल. पण मग रिकामं पान उरलं नाही, म्हणजे आजीला आणखी एक मांडावं लागणार. त्या पानावर दुसरा कुणी आला की सात. पुन्हा विषम. आता तिसरा येण्याची घरच्यांनाच गरज पडते. तो आला की आठ. आणि कपाटात ताटल्या आठच आहेत.

दार पुन्हा वाजतं.

आलेल्याला परत पाठवायचं नाही. नऊ जण बसायचे नाहीत. पान शिल्लक नाही. म्हणजे कुणालातरी उठावं लागेल.

इथपर्यंत कथेत एकही भूत नाही. रक्त नाही, किंकाळी नाही. नुसती बेरीज आहे, आणि तरी खुर्ची थोडी मागे सरकवावीशी वाटते. तुमच्या कथेचा दुसरा टप्पा झाल्यावर असं काही वाटलं नाही, तर पहिल्यावर परत जा. पुढच्या कुठल्याही टप्प्यात ही उणीव भरून निघत नाही.

सावध: नियम तीन-चार करू नका. प्रत्येक जास्तीचा नियम समजावून सांगायला एक परिच्छेद खातो, आणि तेवढ्यात वाचकाची भीती निवते.

टप्पा ३: माणसं मोजा. गेल्या वर्षी किती होती?

नाताळ हा दरवर्षी त्याच टेबलाशी येणारा दिवस. त्यामुळे त्या दिवशी घरातली रिकामी जागा जितकी दिसते तितकी वर्षभरात कधी दिसत नाही. पात्रांची यादी करताना दोन रकाने आखा: गेल्या वर्षी कोण होतं, या वर्षी कोण आहे. फरक निघायलाच हवा.

आपल्या घरात गेल्या वर्षी सहा जण होते. आजोबा वसंतात गेले. उरले आजी, आई, बाबा, अकरा वर्षांची हान्या आणि तिचा धाकटा भाऊ. सहाचे पाच का झाले, विषम संख्या का आली, याचं उत्तर दुःखातून आलं. कोड्याला घर मिळालं.

निवेदन कुणाच्या डोळ्यांतून? ज्याच्याकडे त्या रात्री *काम* आहे त्याच्या. नुसतं घाबरणारं पात्र निवडण्याची चूक सर्रास होते. हान्याकडे टेबल मांडायचं काम आहे, म्हणून ती ताटल्या मोजते, चमचे मोजते, माणसं मोजते. तिचं मोजणं वाचकाला खटकत नाही, कारण ते तिचं काम आहे.

टप्पा ४: घर आखा, आवाज तपासा

घराचा नकाशा खरोखर काढा. दार कुठे, टेबल कुठे, कोणत्या खुर्चीवरून दार दिसतं, ताटल्यांचं कपाट कुठल्या भिंतीला. हान्याची पाठ दाराकडे असेल तर प्रत्येक पाहुणा तिला आधी ऐकू येईल आणि मग दिसेल. एवढ्या एका निर्णयाने चार परिच्छेद सुधारतात.

आता आवाज. मराठी भयकथा वाचून वाढलेल्या आपल्या हाताला काही सवयी लागलेल्या आहेत. किर्र काळोख लिहिला की पाठोपाठ रातकिडे येतातच. बर्फाळ प्रदेशात डिसेंबरच्या रात्री अंगणात रातकिडे नसतात! तिथली रात्र वेगळ्या प्रकारे शांत असते. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात; त्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे रस्ता, शेजार, दूरची गाडी सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. बर्फ जुना होऊन वरचा थर गोठला की उलट घडतं, आवाज त्यावरून परतून लांबवर जातो. आणि थंडी चांगलीच कडक असेल तर पावलाखाली बर्फ करकरतो.

याचा उपयोग करून घ्या. आपल्या कथेत दुपारी ताजा बर्फ पडला आहे, म्हणून अंगणातून येणाऱ्याची पावलं आत ऐकू येत नाहीत. थेट दारावरची थाप ऐकू येते.

तपासणी: पावलांचे ठसे. ताजा बर्फ लिहिलात की येणाऱ्या प्रत्येकाचे ठसे पडले, हे विसरता येत नाही. ठसे नसतील तर ते कुणाच्यातरी लक्षात येऊ द्या, नाहीतर बर्फ पडतच ठेवा. "ठसे आतून बाहेर जाणारे होते" ही कलाटणी मात्र आता निवृत्त करावी.

मोबाइलचा प्रश्न एका वाक्यात मिटवा. जेवणाच्या वेळी आजी सगळ्यांचे फोन टोपलीत घालून दुसऱ्या खोलीत ठेवते, संपलं. वादळाने टॉवर पाडण्याची गरज नाही.

टप्पा ५: घड्याळ आणि शब्दांचा हिशोब

एक रात्र, एक घर. वेळा समासात लिहून ठेवा: साडेतीनला सूर्यास्त, चारच्या पुढे पहिला तारा, जेवण सुरू, अकराला मिस्सेसाठी निघायचं. त्या शेवटच्या वेळेआधी सगळं आटपलं पाहिजे, कारण मंडळी घराबाहेर पडली की टेबलाची पकड सुटते.

शब्द असे वाटा की प्रत्येक वेळी जागा कमी होत जाईल. टेबल मांडणं आणि मोजणं ५०० शब्द. पहिला पाहुणा ६००. दुसरा ४५०. तिसरा ३५०. चौथी थाप ३००. दाराबाहेर ३००. वाचकाला कळत नाही, पण श्वास आखूड होत जातो. उलटं करणारे बरेच भेटतात: पहिला पाहुणा घाईने आटपतात आणि शेवटाला हजार शब्द देतात. त्या हजारांत मग स्पष्टीकरण शिरतं.

टप्पा ६: आता भूत

आता विचारा: हे येणारे कोण?

आजोबांचं भूत हे उत्तर सगळ्यांत आधी सुचेल, म्हणून ते टाकून द्या. कथेच्या आतूनच उत्तर शोधा. टेबलावरून कुणालातरी उठावं लागणार आहे. उठलेलं माणूस कुठे जाईल? बाहेर. बाहेर थंडी आहे, आणि प्रत्येक घरात त्या रात्री एक पान जास्तीचं मांडलेलं आहे.

म्हणजे येणारे पाहुणे हे दुसऱ्या कुठल्यातरी टेबलावरून उठलेले लोक आहेत.

हे सापडलं की दोन गोष्टी लगेच करा. पहिली, ते वाक्य वेगळ्या कागदावर लिहा आणि कथेत कुठेही लिहू नका. दुसरी, एक खूण शोधा जी सुरुवातीला साधी दिसेल आणि शेवटी सगळं सांगेल. आपली खूण: सपाता. पोलिश घरांत बाहेरचे बूट दारात काढतात आणि पाहुण्यालाही घरातल्या सपाता पुढे करतात. पहिला पाहुणा त्या नाकारतो, कारण त्याच्या पायात आधीच सपाता आहेत. तो बर्फातून सपातांनिशी आला आहे.

खूण पेरताना ती शिष्टाचारात लपवा. वाचकाचं लक्ष सौजन्याकडे जातं आणि वस्तू नजरेतून निसटते. "विचित्र गोष्ट म्हणजे त्याच्या पायात सपाता होत्या" असं लिहिलंत तर खूण तिथेच मेली.

टप्पा ७: खर्डा

पहिला खर्डा एका बैठकीत लिहावा असं माझं मत. भीतीचा सूर दुसऱ्या दिवशी तोच लागेल याची खात्री नसते.

पहिल्या पाहुण्याचा प्रवेश हमखास असा लिहिला जातो:

"बाहेर भयाण शांतता पसरली होती. रातकिडे किरकिरत होते. अमावस्येच्या किर्र काळोखात चर्चची घंटा घुमली आणि हान्याच्या काळजात धस्स झालं. दारात एक गूढ आकृती उभी होती."

पाच चुका आहेत, आणि रातकिडे ही त्यातली सगळ्यांत लहान. भयाण, किर्र, गूढ ही विशेषणं वाचकाचं काम स्वतः करून टाकतात. शांतता आणि किरकिर शेजारी-शेजारी बसलेत. काळजात धस्स झालं ते कशाने, याचा पत्ता नाही. आणि "आकृती" हा शब्द फक्त भयकथेत राहतो. खऱ्या दारात माणूस उभं असतं, टोपी घातलेलं, नाक लाल झालेलं.

आता तोच प्रसंग:

"आजीने दार उघडलं. म्हातारा उंबऱ्यातच थांबला, टोपी हातात घेऊन. 'उशीर झाला मला,' तो म्हणाला. 'पान आहे ना?'

बाबांनी सवयीने खणातून पाहुण्यांच्या सपाता काढल्या.

'राहू द्या. आहेत,' म्हातारा म्हणाला, आणि पाय झटकून आत आला.

हान्याने मोजलं. सहा. आईनेही मोजलं असावं, कारण दुपारपासून पहिल्यांदाच ती खुर्चीला टेकून बसली."

इथे भीतीचा एकही शब्द नाही. उलट घरच्यांना बरं वाटलं आहे. धोका आत येतो तेव्हा घर सुखावलेलं असावं, ही या कथेची गंमत आहे आणि ती पहिल्या पाहुण्यापाशीच साधावी लागते.

दुसरी पाहुणी बाई. तिसरा तरुण मुलगा. तिघंही नीट बसतात, पापडी मोडून घेतात, शुभेच्छा देतात, सूप छान झालंय म्हणतात. त्यांना दुष्ट करू नका. दात, नखं, लाल डोळे काही नको. फक्त एवढं की प्रत्येकाला बसण्याआधी टेबलाकडे बघून ओठांतल्या ओठांत मोजावं लागतं.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाताशी इथे एक हत्यार आहे: तुम्ही आणि तू. पहिला पाहुणा आजीशी "तुम्ही" म्हणून बोलतो. बाई बोलता बोलता आईला "अगं" म्हणून जाते आणि कुणी दुरुस्त करत नाही. तरुण मुलगा बाबांना नावाने हाक मारतो. आणि चौथ्या थापेनंतर आलेली म्हातारी भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "ऊठ, बाळा." घराचा ताबा सर्वनामांनी घेतला. ही चढण वाचकाला जाणवते, दाखवता येत नाही.

सावध: पोलिश आजीच्या तोंडी आपल्या गावाकडची बोली घालू नका. "अगं बाई" चालेल, "आत्ता गं बया" आलं की बर्फ वितळतो. साधी, घरगुती, प्रदेश न सांगणारी मराठी ठेवा. स्थानिक शब्द दोन-तीनच, आणि ते संदर्भातून कळतील असे.

थापेला घरातलं कोण काय करतं हे प्रत्येक वेळी वेगळं लिहा. पहिली थाप: आजी लगबगीने जाते. दुसरी: बाबा जातात. तिसरी: आई आणि बाबा एकमेकांकडे बघतात आणि आईच म्हणते, "उघड. सात आहोत." चौथ्या थापेला कुणीच उठत नाही, आणि तरी दार उघडलेलं असतं, कारण तिसरा पाहुणा बसायच्या घाईत कडी लावायची विसरला आहे. अशी क्षुल्लक, पटणारी कारणं शोधा. वाऱ्याने दार उघडणं हे कारण नसतं, आळस असतो.

टप्पा ८: शेवट

शेवटाचे तीन पर्याय लिहून काढा आणि पहिले दोन फाडा. या कथेसाठी मला सुचले ते असे.

पहिला: म्हातारी भावाला घेऊन जाते, सकाळी कुणालाच भाऊ आठवत नाही. नेहमीचा. दुसरा: हान्या ताटली फोडते आणि सगळे पाहुणे नाहीसे होतात. नियम मोडून सुटका झाली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. अडीच हजार शब्द आपण नियम मोडता येत नाही असं सांगत आलो.

तिसरा: भावाऐवजी हान्या उठते. तिने निवड केली आहे, म्हणून हा शेवट तिचा होतो. म्हातारी तिच्या खुर्चीवर बसते. पुन्हा आठ. हान्या दाराबाहेर येते, खिडकीतून आत बघते. आई टेबलावरून बोट फिरवत मोजते आहे आणि तिला हायसं वाटलेलं दिसतं. कुणी वर बघत नाही. समोरच्या घरात दिवा आहे, टेबल मांडलेलं आहे, एक खुर्ची रिकामी आहे. हान्या अंगण ओलांडते. सपाता लगेच भिजतात.

इथे थांबायचं. दार वाजवलंच तर फार तर हात वर उचललेला दाखवा. "आणि तेव्हा तिला कळलं की ते सगळे..." हे वाक्य बोटांतून यायला लागेल. येऊ देऊ नका.

तपासणी: शेवटचा परिच्छेद झाकून कथा कुणाला तरी वाचायला द्या. शेवट त्यांनी अचूक ओळखला तर खूण उघडी पडली आहे. शेवट वाचूनही समजला नाही, तर सपाता मधे एकदा आणखी दिसायला हव्यात. तरुण पाहुण्याच्या टेबलाखालच्या पायांपाशी, हान्या पडलेला चमचा उचलायला वाकते तेव्हा.

टप्पा ९: काटछाट

आठवडाभर कथा बाजूला ठेवा. नंतर मोठ्याने वाचा, शक्यतो संध्याकाळी.

आधी विशेषणं: भयानक, भेसूर, विचित्र, गूढ, अनामिक, अमानवी. सगळ्यांवर रेघ ओढा. मग शरीराच्या तक्रारी: अंगावर काटा, घशाला कोरड, काळजात धस्स, पायाखालची जमीन. संपूर्ण कथेत एकच ठेवायची मुभा, आणि तीही अशा माणसाला जे एरवी घाबरत नाही. "अचानक" आणि "तेवढ्यात" काढून वाक्य पुन्हा वाचा. प्रसंग खरंच अचानक असेल तर शब्दाशिवायही दचकवतो. टिंबांची रांग दिसली की एकच ठेवा.

मग आकडे. या प्रकारच्या कथेत मोजणीची एक चूक सगळं पाडते. कोण कधी बसलं, कोण उठलं, ताटल्या किती, हे शेजारी कागद घेऊन पुन्हा जुळवा. मी एकदा आठ ताटल्यांच्या घरात नववा माणूस सूप पिताना लिहिला होता, आणि तो तीन खर्ड्यांपर्यंत मला दिसलाच नव्हता.

सगळ्यांत शेवटी शीर्षक. त्यात रक्त, शाप, रात्र, सावली हे शब्द नकोत. "जास्तीचं पान" पुरेसं आहे. अर्थ कथा संपल्यावर बदलतो.